स्ट्रेस इको: पट्ट्यावर चालून होणाऱ्या हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'स्ट्रेस इको' लिहून दिलं की रुग्ण आणि सोबतची मंडळी बाहेरच्या बाकड्यावर एकमेकांनाच प्रश्न विचारत बसतात. आत आल्यावर घाई असते, संकोच असतो, आणि निम्मे प्रश्न तसेच एसटीत बसून गावी परत जातात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडून येणारे रुग्ण, त्यांची मुलं आणि सुना जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. गोळ्या चालू-बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

हे वाचताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम फुटला असेल, दुखणं जबड्याकडे किंवा डाव्या हातात उतरत असेल, तर वाचन थांबवा आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालायचं नसतं, लगेच ईसीजी काढायचा असतो.

साधा टूडी इको नॉर्मल आलाय, 'पंपिंग ६०' लिहिलंय. मग पुन्हा इको कशाला?

पंपिंग म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो ते. ६० टक्के ही चांगलीच गोष्ट आहे, पण ते पलंगावर निवांत पडलेल्या हृदयाचं मोजमाप आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी कोरोनरी धमनी ७० टक्के अरुंद झाली, तरी विश्रांतीपुरतं रक्त तिच्यातून पोहोचतं. पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन कमतरता भरून काढतात. माणूस चढ चढला, ओझं उचललं, की हृदयाची रक्ताची गरज कैक पटींनी वाढते आणि त्या वाहिन्यांना आणखी सैल व्हायला वावच उरत नाही. ठिबकच्या मेन लाइनमध्ये गाळ बसलेला असला तरी एकच कॉक उघडा असताना पाणी बरोबर येतं. सगळे कॉक सोडले की शेवटच्या ओळीला थेंब पडत नाही.

रक्त कमी पडलं की स्नायूचा तेवढा भाग काही क्षणांतच ढिला पडतो. बाकीच्या भिंती जोरात आत येतात आणि ही एक मागे राहते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दिसतं. विश्रांतीतली चित्रं आणि श्रमानंतरची चित्रं शेजारी-शेजारी लावून बघणं, एवढीच ही तपासणी आहे. तिच्यात ब्लॉकेज थेट दिसत नाही, ब्लॉकेजमुळे स्नायूवर होणारा परिणाम दिसतो. अँजिओग्राफीत याच्या उलट असतं: नळी दिसते, पण त्या अरुंदपणाने स्नायूला खरोखर काही कमी पडतंय का, हे दर वेळी सांगता येत नाही.

मग नुसती पट्ट्याची तपासणी, टीएमटी, केली तर काय बिघडलं?

काहींचं काहीच बिघडत नाही. रुग्ण नीट चालू शकतो, विश्रांतीतला ईसीजी साफ आहे, तर टीएमटीने सुरुवात करणं शहाणपणाचं आहे. ती स्वस्त आहे आणि जवळच्या गावात होते.

फरक कुठे पडतो ते सांगतो. स्नायूला रक्त कमी पडलं की घटना एका क्रमाने घडतात. आधी रक्तपुरवठा असमान होतो, मग स्नायू नीट सैल होईनासा होतो, मग त्याचं आकुंचन मंदावतं, त्यानंतर ईसीजीत बदल येतो, आणि छातीत दुखणं येतं ते सगळ्यात शेवटी. टीएमटी चौथ्या पायरीवर उभी राहून वाट बघते, इको तिसऱ्या. म्हणून टीएमटी खऱ्या रुग्णांपैकी साधारण दोन तृतीयांश पकडते, तर व्यायामाचा स्ट्रेस इको साधारण ८० ते ८५ टक्के. शिवाय बिघाड कोणत्या भिंतीत आणि किती मोठ्या भागात आहे, हेही इको सांगतो.

विश्रांतीतलाच ईसीजी बिघडलेला असेल, म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणाऱ्या वाटेत अडथळा) आहे, पेसमेकर आहे, जुन्या बीपीने हृदयाची भिंत जाड झालीय किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू आहे, तर टीएमटीच्या रेघांवर भरवसा ठेवता येत नाही. स्त्रियांमध्येही टीएमटी बऱ्याचदा उगाच पॉझिटिव्ह येते. चाळिशीतल्या बाईंची टीएमटी पॉझिटिव्ह आली म्हणून घरात रडारड झालेली आणि स्ट्रेस इको अगदी स्वच्छ निघालेला, हे आमच्याकडे नेहमीचंच आहे.

"साहेब, आम्ही रोज रानात राबायलोत. तवा काही होत नाही. मग पट्ट्यावर कामून चालायचं?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. दिवसभर कष्ट करूनही ज्याला काही होत नाही, त्याच्या हृदयाची ताकद चांगली असण्याची शक्यता खरोखरच जास्त असते.

उरलेलं अर्धं असं, की माणूस नकळत आपला वेग कमी करतो. मी विचारतो, "मामा, दोन वर्षांपूर्वी आखाड्यापासून विहिरीपर्यंत एका दमात जात होतात, आता?" मामा थोडा वेळ गप्प बसतात. मग सोबतचा मुलगा सांगतो, "आता बांधावर बसतेत मधी." विचारलं की मामांच्या मते ते ऊन लागल्यामुळे, वयामुळे, पित्तामुळे. बीडकडचा एक ऊसतोड कामगार म्हणाला होता की मोळी बांधताना काही वाटत नाही, पण ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढताना छाती आवळते, आणि खाली उतरलं की दोन मिनिटांत मोकळी होते. अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून येणाऱ्या दुखण्याचं, इतकं नेमकं वर्णन पुस्तकातही सापडत नाही. श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं, जळजळ किंवा दम हे ज्याने त्याने 'गॅस' म्हणून सोडून देऊ नये.

मधुमेह असलेल्यांचं वेगळं. त्यांना दुखणं जाणवतंच असं नाही. माहूरच्या पायऱ्या चढताना अचानक जास्त दम लागायला लागला, एवढीच खूण असू शकते.

रानातल्या कामात हृदयाचे ठोके किती गेले, बीपी किती झालं, हे कुणी मोजत नाही. पट्ट्यावर मोजतात.

तपासणीत नेमकं काय होतं?

आधी छातीवर ईसीजीच्या दहा पट्ट्या चिकटवतात. पुरुषांच्या छातीवर दाट केस असतील तर तेवढ्यापुरते काढावे लागतात. दंडाला बीपीचा पट्टा बांधतात. मग डाव्या कुशीवर झोपवून, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगून, छातीवर गार जेल लावून विश्रांतीतली चित्रं घेतात. श्वास सोडून थांबा, असं पुन्हा पुन्हा सांगितलं जातं, कारण फुप्फुसात हवा भरली की हृदय पडद्यामागे लपतं. हे श्वासाचं जमवून ठेवा, खरी गरज पुढे आहे.

मग पट्टा. बहुतेक ठिकाणी अमेरिकी हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्या नावाचीच पद्धत वापरतात. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. पहिला टप्पा बहुतेकांना सोपा वाटतो. तिसऱ्यात गप्पा बंद होतात.

थांबल्यावर लगेच जे घडतं ते पाहून नातेवाईक घाबरतात. पट्टा थांबतो, सिस्टर रुग्णाला जवळजवळ ओढतच पलंगावर आणतात, "डावीकडं वळा, श्वास सोडा, थांबा, थांबा..." आणि डॉक्टर एकामागून एक चित्रं टिपत जातात. भांडण नाही, आणीबाणीही नाही. थांबल्यापासून ६० ते ९० सेकंदांत चारही बाजूंची चित्रं मिळायला हवीत. ठोके खाली आले की ढिली पडलेली भिंत पुन्हा नीट हलायला लागते आणि पुरावाच पुसला जातो. म्हणून पट्ट्यावरून पलंगावर जाताना पाणी मागू नका, चप्पल शोधू नका, थेट आडवे व्हा.

काही केंद्रांत आडवं झोपून पायाने मारायची सायकल असते. तिचा फायदा असा की श्रम चालू असतानाच चित्रं घेता येतात. तोटा असा की सायकलची सवय गेलेल्यांच्या मांड्या हृदयाच्या आधी थकतात.

किती चालावं लागतं? आई नऊवारीत आहे, जमेल का?

२२० मधून वय वजा करा, आलेल्या आकड्याचे ८५ टक्के काढा. किमान तितके ठोके अपेक्षित असतात. ५८ वर्षांच्या माणसासाठी २२० वजा ५८ म्हणजे १६२, त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण १३८. हा आकडा गाठला की लगेच थांबायचं, असा मात्र नियम नाही. अंगात ताकद असेल तर पुढे चालावं. जितका जास्त श्रम, तितकं उत्तर पक्कं.

नऊवारीत चालता येतं. घोट्यापर्यंत लोळणारी गोल साडी मात्र पट्ट्यात अडकू शकते, म्हणून सलवार किंवा सैल पायजमा सोबत आणा. पायात बूट असतील तर उत्तम. गुळगुळीत झालेल्या रबरी स्लीपरवर चढू नका.

समोरचा दांडा घट्ट धरून, त्यावर भार टाकून चालणाऱ्यांना सगळे ओरडतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. भार हातांवर गेला की चढ चढल्याचा उपयोग राहत नाही. दोन बोटं टेकवा, तोलापुरती.

पट्ट्यावरच काही झालं तर?

खोलीत डॉक्टर हजर असतात, ईसीजी सतत चालू असतो, शॉक देण्याचं यंत्र आणि इंजेक्शनं हाताशी असतात. हे नसेल त्या ठिकाणी तपासणी करू नका, असं मी स्पष्टच सांगतो. सुमारे ८६ हजार तपासण्यांच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीत व्यायामाच्या स्ट्रेस इकोत जिवावर बेतणारा प्रसंग साधारण साडेसहा हजारांत एक होता. धोका शून्य नाही, म्हणूनच संमतीपत्रावर सही घेतात.

छातीत दुखायला लागलं, चक्कर आली, बीपी फार चढलं किंवा खाली यायला लागलं, ठोके वेडेवाकडे झाले, तर डॉक्टर स्वतःच थांबवतात. तुम्ही मात्र दुखणं लपवू नका. 'पास व्हायचं' म्हणून दात-ओठ खात चालणारे बरेच असतात, विशेषतः मुलगा समोर उभा असला की. दुखणं कधी सुरू झालं, हाच रिपोर्टमधला सगळ्यात मोलाचा भाग असतो.

ही तपासणी कुणी करू नये?

गेल्या दोन दिवसांत हार्ट अटॅक आलेला, बसल्या जागी किंवा झोपेत छाती दुखणारा, हार्ट फेल्युअरने धाप लागलेला, महाधमनीची झडप खूप अरुंद होऊन त्रास होणारा, ठोके काबूत नसलेला, हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला नुकती सूज आलेला रुग्ण. सकाळीच बीपी २०० च्या वर असेल तर तपासणी दुसऱ्या दिवसावर जाते, आणि त्यात कुणाचीही चूक नसते.

उपाशी यायचं का? गोळ्या बंद करायच्या का?

तीन-चार तास आधीपासून काही खायचं नाही, एवढं पुरे. पाण्याचे घोट चालतात. पण होतं असं, की किनवट किंवा भूमकडचा माणूस पहाटे चारला उठून, उपाशीच एसटीत बसून येतो, नंबर लागतो दुपारी एकला, आणि तोवर मधुमेह असलेल्याची शुगर कोसळलेली असते. मग पट्ट्यावर चक्कर येते आणि खापर हृदयावर फुटतं. लांबून येणार असाल तर आधी फोन करून वेळ पक्की करा आणि पहाटे हलकं खाऊन निघा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. एकादशी किंवा नवरात्राचा उपवास असेल तर सरळ दुसरी तारीख मागा.

गोळ्यांमध्ये महत्त्वाच्या त्या ठोके कमी ठेवणाऱ्या: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल. निदानासाठी तपासणी असेल तर डॉक्टर त्या साधारण २४ ते ४८ तास आधी थांबवायला सांगतात, कारण त्या चालू असतील तर ठोके वर जातच नाहीत. आधीच आजार माहीत आहे आणि औषधांवर हृदय कसं चालतंय तेच बघायचंय, तर त्या चालूच ठेवतात. मनाने बंद करू नका. या गोळ्या अचानक तोडल्या तर दुखणं उसळू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बहुधा चालूच राहतात.

आणि तंबाखू. गालात बार धरून पट्ट्यावर चढणारे दर आठवड्याला भेटतात. निकोटिनने ठोके आणि बीपी आधीच चढलेलं असतं, धमन्या आवळलेल्या असतात. त्या दिवशी सकाळपासून नको. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खिशातून पुडी निघतेच. ती बाहेर ठेवून या.

गुडघे गेलेत, चालवत नाही. मग?

मग औषधाने हृदयाला पळवतात. डोब्युटामिन नावाचं औषध सलाइनमधून थोडं थोडं वाढवत देतात, दर तीन मिनिटांनी एक पायरी. तरीही ठोके पुरेसे वाढले नाहीत तर ॲट्रोपिन देतात. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधी सांगा, कारण ॲट्रोपिनने दोन्ही वाढतात. धडधड होते, डोक्यात ठणके बसतात, काहींना थरथर सुटते. औषध थांबवलं की काही मिनिटांत उतरतं.

चालता येत असेल तर मात्र चालूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी सांगितलेल्या नोंदीत डोब्युटामिनच्या तपासणीत गंभीर प्रसंग साधारण साडेपाचशेंत एक होता, म्हणजे व्यायामापेक्षा बराच जास्त. शिवाय माणूस किती चालू शकला, ही माहिती औषधाने मिळत नाही, आणि पुढच्या आयुष्याबद्दल ती फार काही सांगते. 'गुडघे दुखतात' म्हणणाऱ्या काकूंना दवाखान्याचे दोन जिने चढून आलेलं आम्ही पाहतो. त्यांना एकदा पट्टा दाखवला की बऱ्याच जणी चालतात.

रिपोर्टमध्ये काय बघायचं?

निगेटिव्ह की पॉझिटिव्ह, हे सगळे बघतात. मी सांगेन, त्याआधी किती चाललात ते बघा. ठोके अपेक्षेच्या किती टक्के गेले, किती मिनिटं, किती मेट. एक मेट म्हणजे शांत बसलेल्या शरीराला लागणारा प्राणवायू. ब्रूसचा दुसरा टप्पा पूर्ण झाला की साधारण ७ मेट, तिसरा झाला की साधारण १०. ६२ टक्के ठोक्यांवर पाय दुखले म्हणून थांबलेल्या तपासणीचं 'निगेटिव्ह' हे निगेटिव्ह नसतंच. त्याला अपुरी तपासणी म्हणतात. रिपोर्टवर 'सबमॅक्सिमल' किंवा 'इनकन्क्लुझिव्ह' असा शब्द असेल, तर ती फाइल कपाटात ठेवून निश्चिंत होऊ नका.

पुढचा भाग भिंतींचा. डाव्या कप्प्याचे १६ किंवा १७ तुकडे कल्पून प्रत्येकाला गुण देतात: नीट हलणाऱ्याला १, कमी हलणाऱ्याला २, अजिबात न हलणाऱ्याला ३, उलटा बाहेर फुगणाऱ्याला ४. त्यांची सरासरी म्हणजे वॉल मोशन स्कोअर. सगळं ठीक असेल तर ती १ येते. विश्रांतीत १ आणि श्रमानंतर २ झालेला तुकडा म्हणजे तिथे श्रमात रक्त कमी पडतंय. विश्रांतीतही ३ आणि श्रमानंतरही ३, म्हणजे बहुधा जुन्या अटॅकचा व्रण.

कोणता तुकडा, यावरून धमनीचा अंदाज बांधतात. पुढची भिंत, टोक आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग एलएडीचा, म्हणजे डाव्या धमनीच्या पुढून उतरणाऱ्या फांदीचा. खालची भिंत बहुतेकांत उजव्या धमनीची. बाजूची भिंत सर्कमफ्लेक्सची, म्हणजे डाव्या धमनीच्या मागे वळणाऱ्या फांदीची. हा अंदाजच आहे, कारण माणसागणिक धमन्यांची वाटणी थोडी बदलते. श्रमानंतर डावा कप्पा लहान होण्याऐवजी मोठा झाला किंवा पंपिंग वाढण्याऐवजी उतरलं, अशी नोंद असेल तर ती गंभीर समजा. एकापेक्षा जास्त मोठ्या धमन्या बाधित असल्याचा तो इशारा असू शकतो.

निगेटिव्ह आलं. म्हणजे ब्लॉकेज नाही ना?

मोठ्या श्रमातही स्नायूला रक्त कमी पडत नाहीये, एवढंच सिद्ध झालं. धमनी ३०-४० टक्के अडवणारा चरबीचा थर तिथे असू शकतो, तो या तपासणीत दिसत नाही. आणि हार्ट अटॅक बऱ्याचदा अशाच मध्यम थराला तडा जाऊन, वर रक्ताची गुठळी बसून येतो. महिन्यापूर्वी तपासणी चांगली आली होती आणि तरी अटॅक आला, असं कुणाचं झालं की गावभर डॉक्टरच्या नावाने बोंब होते. दर वेळी डॉक्टर चुकलेला असतोच असं नाही.

तरी पुरेशा श्रमानंतर स्वच्छ आलेला स्ट्रेस इको ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. अशा लोकांत पुढच्या वर्षभरात अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी आढळतं. मात्र बिडी, तंबाखू, शुगर, बीपी तसंच ठेवून हा दिलासा टिकत नाही.

तपासणीच्या मर्यादाही सांगतो. एकट्या सर्कमफ्लेक्समधला अडथळा कधी कधी निसटतो. चित्रं घ्यायला उशीर झाला तर छोटा बिघाड दिसत नाही. खूप लठ्ठ माणूस किंवा चुलीच्या धुराने, बिडीने फुप्फुसं फुगलेला माणूस असेल तर भिंतीच नीट दिसत नाहीत. तिथे शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन कडा उठावदार करता येतात.

पॉझिटिव्ह आलं. लगेच अँजिओप्लास्टी?

थांबा. आधी ते खरंच पॉझिटिव्ह आहे का बघू. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉकमध्ये आणि बायपासनंतर मधला पडदा तसाही वेडावाकडा हलतो. श्रमात बीपी एकदम खूप चढलं तरी भिंती मंदावू शकतात, धमन्या साफ असूनही.

खरं असलं तरी 'टाइम बॉम्ब आहे, आजच स्टेंट टाका' असं वाक्य कानावर पडलं तर एक रात्र विचार करण्याइतका वेळ बहुधा असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' या अभ्यासात अशाच तपासण्यांत मध्यम ते तीव्र बिघाड दिसलेले, पण तब्येत स्थिर असलेले ५,१७९ रुग्ण होते, भारतातलेही बरेच. एका गटाची आधीच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केला, दुसऱ्या गटाला आधी चांगली औषधं दिली. तीनेक वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू आणि मोठ्या हृदयघटनांच्या एकत्रित हिशेबात ठळक फरक पडला नाही. छातीचं दुखणं मात्र स्टेंट-बायपासच्या गटात जास्त कमी झालं, म्हणजे ज्यांना दुखत होतं त्यांना फायदा झाला.

हा अभ्यास सगळ्यांना लागू नाही. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असणारे, पंपिंग फार कमी असणारे, औषधांनीही दुखणं न थांबणारे त्यात नव्हते. पहिल्याच टप्प्यात दुखायला लागलं, बीपी उतरलं, बरेच तुकडे ढिले पडले, तर अँजिओग्राफी लांबवू नये. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी एखादा तुकडा मंदावला, तर औषधं, चालणं, तंबाखू बंद आणि थोड्या दिवसांनी पुन्हा भेट, हा मार्गही तितकाच सन्मानाचा आहे. दुसरं मत घ्यायला लाजू नका. रिपोर्टबरोबर चित्रांची सीडीही मागून घ्या.

सीटी अँजिओग्राफीच केली तर?

तिच्यात नळ्या दिसतात, लहान थरही दिसतो, पण किरणं आणि रंगद्रव्य लागतं. किडनी कमजोर असेल किंवा कॅल्शियम खूप साचलं असेल तर अडचण येते. स्ट्रेस इकोत किरणं नाहीत. कोणाला कोणती योग्य, हे तक्रार आणि वय बघून ठरतं.

बाईमाणसाला छाती उघडावी लागते का? आणि तिथे गर्भलिंगनिदानाची पाटी कशाला?

समोरून उघडणारा गाऊन देतात, अंगावर चादर असते. सोबत महिला सिस्टर हवी, असं मोकळेपणाने मागा. तो तुमचा हक्क आहे. आईबरोबर सुनेला आत थांबायचं असेल तर बहुतेक ठिकाणी थांबू देतात.

पाटीचं कारण कायद्यात आहे. इकोचं यंत्रही सोनोग्राफीचंच यंत्र, त्यामुळे १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याचीही नोंदणी लागते आणि 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी लावावी लागते. आपल्या भागाने या बाबतीत काय काय पाहिलंय, ते वेगळं सांगायला नको.

काहीच त्रास नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये आहे, करून घेऊ का?

नको. ज्याला आजाराची शक्यताच कमी आहे, त्याच्यात पॉझिटिव्ह निघालं तर ते खोटं असण्याचीच शक्यता जास्त, आणि मग एकातून दुसरी तपासणी निघत जाते. तेच पैसे शुगर, कोलेस्टेरॉल आणि बीपी तपासण्यावर घाला. स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनाही त्रास नसताना दरवर्षी ही तपासणी लागतेच असं नाही.

मराठवाड्यात कुठे होते? योजनेत बसते का?

इकोचं यंत्र आता बऱ्याच तालुक्यांच्या ठिकाणी आहे, पण स्ट्रेस इको तिथे होईलच असं नाही. एकाच खोलीत पट्टा आणि इको, आणि मिनिटभरात चित्रं घेऊन ती वाचणारा सरावलेला डॉक्टर लागतो. खासगी सोय मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा मोठ्या शहरांत मिळते. सरकारी पर्याय बघायचा तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. फोनवर एवढंच विचारा: व्यायामाचा स्ट्रेस इको होतो का, कोणत्या वारी होतो, आणि डॉक्टर स्वतः समोर असतात का. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात भरती होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. ओपीडीत सुटी केलेली तपासणी त्यात बसेल असं धरून चालू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. पैसे भरण्याआधी त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा, नंतर नाही.

सोबत काय आणायचं, आणि परत कधी जाता येतं?

जुने ईसीजी, आधीच्या इकोचा रिपोर्ट, स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि चालू गोळ्यांची पाकिटं. 'पांढरी गोळी, रात्रीची' एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही. टॉवेल आणा, जेल पुसायला लागतो. पट्ट्यावरचा वेळ दहा-बारा मिनिटांचाच असतो, पण सगळं मिळून तासभर धरा. ठोके आणि बीपी मूळ जागी आले की जेवायला हरकत नाही, भाकरी सोबत असेल तर तीच खा. डोब्युटामिन दिलं असेल तर थोडा जास्त वेळ बसवून ठेवतात, आणि त्या दिवशी मोटारसायकल दुसऱ्याने चालवावी. संध्याकाळी पुन्हा छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता परत या.